डावं चाक दोन बोटं पुढे

आमच्या भागात बैलगाड्यांची शर्यत सुरू होण्याआधी तीन गोष्टी पुकारायची रीत होती. गाडी कुणाची, बैलं कोणती आणि हात कुणाचा. हात म्हणजे ज्याने ती गाडी त्या मैदानासाठी बांधून दिली त्याचा. पहिली दोन नावं सगळीकडेच पुकारतात. तिसरं मी बारामती आणि इंदापूरच्या मधल्या गावांतच ऐकलं, नव्हे, मीच ते पुकारत होतो.

मी नाटक कंपनीतला माणूस. एकोणीसशे त्रेपन्न साली इंदापुरात आमची कंपनी बसली. मालक पडदे गुंडाळून गेले आणि आम्ही नटमंडळी मागे उरलो. मी बारामतीत एका ओळखीच्या घरी चार दिवसांसाठी उतरलो, तो कित्येक वर्षं राहिलो. आवाज तेवढा शाबूत होता. जत्रांच्या पंचांच्या कानावर तो गेला आणि त्यांनी मला उंचावर उभं करून माझ्या हातात पत्र्याचा भोंगा दिला. पूर्वी ज्या थाटात मी दरबारात प्रवेश करत असे, त्याच थाटात आता 'पाखऱ्या आणि हौश्या' म्हणू लागलो. खरं सांगायचं तर टाळ्या इथे जास्त पडत.

सावळाराम सुताराचं नाव मी पहिल्या वर्षी निदान वीस वेळा पुकारलं असेल. माणूस किडकिडीत, कानावर पेन्सिल, आणि बोलताना समोरच्याच्या पायांकडे बघायची सवय. नाव पुकारलं जाताना तो कधी पुढे येत नसे. गर्दीच्या मागे, कुणाच्या तरी बैलगाडीच्या सावलीत उभा राहून मान खाली घालून ऐकत असे. एकदा मी गडबडीत त्याचं नाव गाळलं. शर्यत संपल्यावर तो जवळ आला आणि म्हणाला, "मास्तर, मगाशी वारा लई होता. मला काय ऐकू आलं न्हाय." मी समजलो. त्या दिवसानंतर नाटकातला संवाद विसरलो असतो, पण त्याचं नाव विसरलो नाही.

त्याची काम करायची पद्धत बघण्यासारखी होती. शर्यतीच्या आदल्या दिवशी तो मैदानावर जाई, वहाणा काढून हातात घेई आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जाई. तीन ठिकाणी वाकून चिमूटभर माती उचली आणि धोतराच्या सोग्याला तीन गाठींत बांधी. मग घरी येऊन त्या गाठी सोडून मातीशी बोलत बसे. अंगणातल्या चिंचेला त्याने चाकांच्या तीन जोड्या टांगल्या होत्या. काळ्या मातीसाठी रुंद धावेची, म्हणजे चाकावरची लोखंडी पट्टी रुंद, की चाक रुतू नये. मुरमासाठी अरुंद धावेची, हलकी. नदीच्या वाळूसाठी तिसरी. काळ्या मातीत तो गाडीचा साटा, म्हणजे वरची फळ्यांची बैठक, चार बोटं मागे सरकवी, म्हणजे बैलांच्या मानेवरचं ओझं कमी होई. मुरमाच्या माळावर सांध्यांत काथ्या भरी, कारण गाडी खडखडली की बैलं बिचकतात. आमच्या कंपनीत कपडेपटाचा माणूस जशी दर नाटकाला पेटी उघडी, तशी हा दर मैदानाला गाडी उघडून पुन्हा बांधी.

त्याची बायको छबूबाई म्हणायची, "मास्तर, जमिनीच्या पाया पडून घरात येतो ह्यो माणूस. माझ्याकडं कधी एवढं न्याहाळून बघितलं न्हाय."

"तू काय दर जत्रंला बदलती व्हय?" सावळाराम म्हणायचा.

छप्पन साली मानसिंगाची गाडी त्याच्याकडे आली. मानसिंगाचे वाडवडील मेंढरं घेऊन हिंडायचे. पाटाचं पाणी आलं तशी मेंढरं गेली आणि ऊस आला. काटेवाडीच्या अलीकडे त्याची वस्ती होती. गडी दिलदार, पण बढाईखोर. पाखऱ्या आणि हौश्या ही त्याची खिलार जोडी. तो चारचौघांत छातीवर हात ठेवून सांगायचा, "माझ्या जोडीनं शर्यतीच्या जुवाशिवाय दुसरं लाकूड मानंवर घेतलं न्हाय. न नांगर, न मोट." आणि लोक बैलांकडे बघून माना डोलवायचे.

माघी पौर्णिमेला पाटाच्या कडेच्या काळ्या रानात शर्यत झाली. एका वेळी दोन गाड्या, मधे फक्कीची पांढरी रेघ. जी गाडी रेघ ओलांडेल ती बाद. मानसिंगाची गाडी डावीकडच्या पट्ट्यात, पाटाच्या भरावाला लागून धावली आणि बाणासारखी गेली. मी भोंग्यातून गर्जना केली. सावळारामाने मान आणखी खाली घातली.

पंधरा दिवसांनी इंदापूरच्या बाजूला एका मोकळ्या माळावर शर्यत होती. मुरमाची कडक जमीन. सावळारामाने अरुंद धावेची चाकं चढवली, काथ्या भरला, सगळं नेहमीसारखं केलं. या वेळी मानसिंगाच्या वाट्याला उजवा पट्टा आला. निशाण पडलं, गाडी सुटली आणि मैदानाच्या तिसऱ्या हिश्शात डावीकडे कलली. हाकणारा ओरडतोय, कासरा ओढतोय, आणि गाडी आपली शांतपणे रेघ ओलांडून शेजारच्या पट्ट्यात. बाद.

सावळाराम जागचा हलला नाही. मग सावकाश गाडीजवळ गेला, वाकला, डावं चाक हाताने फिरवलं, उजवं फिरवलं. दोन्ही सारखी फिरली. त्याने माझ्याकडे बघितलं. मी भोंगा खाली ठेवला. दोघांनाही काही कळलं नाही.

इथून त्याचा गोंधळ सुरू झाला.

त्याच्या हिशेबी प्रश्न मातीचा होता. काळ्या मातीत सरळ जाते, मुरमात वाकडी जाते, म्हणजे खोट मुरमासाठी केलेल्या बांधणीत. त्याने आख, म्हणजे दोन चाकांमधला दांडा, काढून सुतळीने मापला. सरळ. चाकं अदलाबदल केली, डावं उजवीकडे. गाडी माळावर एकटीच पळवून बघितली, तरी डावीकडेच. जू बदललं. डावीकडेच. त्याने वंगणाचं तेल बदललं, साटा मागे घेतला, पुढे घेतला. एकदा तर त्याने गाडीला काळ्या मातीची रुंद चाकं लावून माळावर आणली. तीही डावीकडे गेली, फक्त जरा दमाने.

"मास्तर, तुमी उंचावरनं बघता," तो मला म्हणाला. "गाडी कुठनं वळती?"

"तिसऱ्या हिश्शातून."

"पुढनं वळती का मागनं?"

"म्हणजे?"

"बैलं आधी वळत्यात का चाकं आधी?"

मी विचार केला. "सगळं एकदमच वळतं रे. नाचातली पोरगी वळते तशी."

"माझी गाडी नाचती न्हाय," तो गंभीरपणे म्हणाला.

मग त्याला वाटलं, माळच डावीकडे उतरता असेल. त्याने घागरभर पाणी ओतून बघितलं. पाणी उजवीकडे गेलं. त्याने कपाळाला हात लावला. त्यावर त्याने स्वतः डोळे मिटून माळावरून चालून बघितलं, आणि तोही डावीकडे गेला. हे बघून तो खूश झाला. "बघा मास्तर, जमिनीतच कायतरी हाय. आता तुमी चाला." मी डोळे मिटले आणि रंगभूमीवर आंधळ्याची भूमिका केल्याच्या ऐटीत चाललो. डोळे उघडले तर मी उजवीकडे पार बाभळीत. त्या दिवशी आम्ही दोघं कितीतरी वेळ बाभळीखाली बसून होतो. माझ्या पायातला काटा त्याने काढला, पण त्याच्या डोक्यातला काही निघाला नाही.

लोकांना मात्र गंमत मिळाली. बाजारात त्याला बघून रावजी माळी म्हणायचा, "सावळाराम, वांगी घेऊन बारामतीला जायचंय. तुझी गाडी नको बाबा, डावीकडनं फलटणला नेशील." सावळाराम हसायचा, पण दोन गाडीवाल्यांनी त्या महिन्यात आपल्या गाड्या त्याच्याकडून गुपचूप नेल्या. आणि एक दिवस मानसिंग स्वतः आला. मी तिथेच होतो.

"सावळाराम, चैत्रात त्याच माळावर मैदान हाय," तो म्हणाला. "या बारीला गाडी बाद झाली तर मी ती वालचंदनगरला न्हेणार. कारखान्यात मोजून काम करणारा एक फिटर हाय. मग हात त्याचा पुकारतील मास्तर."

सावळाराम त्याच्या पायांकडे बघत म्हणाला, "न्या की."

"राग मानू नको."

"राग न्हाय. मलाच कळंना झालंय, तर राग कुणावर धरू?"

मानसिंग गेल्यावर तो मला म्हणाला, "मास्तर, बाकी गाड्या गेल्या त्या गेल्या. पण भोंग्यात माझ्या जागी दुसरं नाव आलं, तर मी मैदानाला कशाला यायचं? कुणाच्या वहाणा बघायला?"

आपल्या जागी दुसऱ्याचं नाव जाहिरातीत छापलेलं मी बघितलं आहे.

चैत्रातल्या मैदानाच्या आदल्या दिवशी सकाळी तो जुवाचं माप घ्यायला मानसिंगाच्या वस्तीवर गेला. मानसिंग बाहेर गेला होता. घरी त्याची आई साखरबाई होती. पुढचं सगळं सावळारामाने मला नंतर सांगितलं, जसं घडलं तसं, एकेक शब्द.

साखरबाईने त्याला भाकरीबरोबर वाटीभर काकवी दिली. "खा. आपल्याच गुऱ्हाळाची हाय. यंदा लई निगुतीनं झालं बघ सगळं."

"व्हय?"

"तर. घरच्या जोडीतला एक बैल पायानं अधू झाला. मग मानसिंगानं पाखऱ्या-हौश्यालाच चरकाला जुपलं. तीन महिनं फिरली बघ चरकाभवती. सांगाय नको, हाकाय नको. नुसतं जुपलं का चालली गोल. दोघं अशी शहाणी, की मैदानावनं आली तरी आपली आपुन चरकाला जाऊन उभी ऱ्हायची."

सावळारामाचा घास तोंडातच राहिला. "आज्जी, कुठल्या अंगानं फिरायची?"

"ह्या," असं म्हणून म्हातारीने डावा हात गोल फिरवला.

तो उठला, गुऱ्हाळाच्या जागेवर गेला. चरक हलवलेला होता, पण जमिनीत बैलांच्या पावलांची गोल चाकोरी उमटलेली होती, ढोपराइतकी खोल. तो वहाणा काढून त्या चाकोरीतून एक फेरा चालला. डावीकडे, डावीकडे, डावीकडे. आणि मग, तो म्हणाला, त्याला एकदम पाटाचा भराव आठवला. माघातल्या शर्यतीत डाव्या अंगाला भराव होता. बैलं तेव्हाही डावीकडेच वळत होती. भरावाने त्यांना वळू दिलं नव्हतं. माती काळी होती का मुरमाड, याला काहीच अर्थ नव्हता. सारं आयुष्य मातीशी बोलण्यात गेलेल्या माणसाने बैलांकडे एकदाही बघितलं नव्हतं.

संध्याकाळी तो माझ्याकडे आला तेव्हा गोंधळ कमी व्हायच्या ऐवजी वाढलेला होता.

"सांगून टाक मानसिंगाला," मी म्हणालो.

"काय सांगू? चारचौघांत छातीवर हात मारून बोलतो. त्याची आय भोळेपणी बोलून गेली. मी हे बोललो तर म्हातारीचं खाल्लेलं काय ऱ्हायलं?"

"मग गाडी पुन्हा डावीकडे जाईल आणि तुझं नाव जाईल."

तो बराच वेळ जमिनीवर काडीने रेघा ओढत बसला. शेवटी म्हणाला, "बैलं वाकडी हायत तर गाडी उलट्या अंगाला वाकडी केली तर?"

"जमेल?"

"जमंल. आखाच्या डाव्या अंगाला पाचर ठोकायची. डावं चाक दोन बोटं पुढं येतं. मग गाडी उजवीकडं वढती, बैलं डावीकडं. मधी सरळ रेघ." एवढं बोलून तो थांबला. त्याचा चेहरा उजळायला हवा होता, तो पडला. "पण मास्तर, उद्या माझं नाव घेऊ नका."

"आता काय झालं?"

"जाणूनबुजून वाकडी बांधलेली गाडी हाय. तिच्यावर हात माझा कसा म्हणायचा? माझ्या बापानं असली गाडी बघितली असती तर वाकस माझ्या पाठीत घातला असता."

ज्या नावासाठी हा माणूस दोन महिने झोपला नव्हता, ते टिकायची वेळ आली तर म्हणतो घेऊ नका. मी पुष्कळ समजावलं. तो ऐकेना. त्याचं बरोबर होतं की माझं, ते मला त्या वेळीही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी माळावर तोबा गर्दी. मानसिंगाची गाडी पट्ट्यात उभी राहिली तसं कुणाच्या तरी लक्षात आलं. रावजी माळी मोठ्याने म्हणाला, "अरं, चाकं बघा रं. एक पुढं एक मागं. सावळारामाला दिसायचं कमी झालं का काय?" हशा पिकला. मानसिंगाचं तोंड काळवंडलं, पण आता गाडी सुटायची वेळ झाली होती.

मी भोंगा तोंडाला लावला. "गाडी मानसिंगची. बैलं पाखऱ्या आणि हौश्या." आणि थांबलो. तीन वर्षांत माझ्या तोंडून असा थांबा कुणी ऐकला नव्हता. गर्दीतून आवाज आला, "हात कुणाचा मास्तर?" मी निशाणवाल्याला खूण केली. निशाण पडलं.

गाडी सुटली. पहिला हिस्सा. दुसरा. तिसऱ्या हिश्शात बैलांच्या माना डावीकडे झुकलेल्या मला वरून स्पष्ट दिसल्या. चाकं उजवीकडे ओढत होती, मुरूम उडत होता, आणि या दोघांच्या भांडणात ती गाडी फक्कीच्या रेघेला समांतर, सरळ, अगदी आखल्यासारखी गेली. शेजारच्या गाडीपेक्षा दोन हात पुढे.

आरोळ्या झाल्या, फेटे उडाले. मी खाली उतरून गाडीपाशी गेलो तर तिथे वेगळंच चाललेलं. चार-पाच गाडीवाले गुडघे टेकून बसले होते आणि बोटांनी मोजत होते. डावं चाक दोन बोटं पुढे. एकाने तर पागोट्याच्या शेवाला तेवढ्या मापावर गाठ मारून घेतली. मघा हसणारा रावजी मापाला सुतळी घेऊन सगळ्यांत पुढे. "म्हंजी माळावर अशी बांधायची व्हय? मी आजच बांधून घेतो. दुपारच्या बारीला माझी गाडी हाय."

सावळाराम मधे उभा राहून सगळ्यांच्या पायांकडे बघत होता. "नका बांधू," तो म्हणाला.

"का? तुझ्याच एकट्याची युक्ती व्हय?"

"तुमच्या बैलांना चालायची न्हाय."

"का न्हाय चालायची?"

सावळाराम पेचात पडला. सांगावं तर मानसिंगाची फजिती, न सांगावं तर दुपारी पाच गाड्या उजवीकडे जाऊन शेजारच्या गाडीवर नाहीतर गर्दीत घुसणार. माणसं मरतील, बैलांचे पाय मोडतील. त्याने माझ्याकडे बघितलं. मी मानसिंगाकडे बघितलं.

मानसिंग गुलाल लावलेल्या बैलांजवळ उभा होता. त्याचं हसू हळूहळू गेलं. तो पुढे आला, आखाला ठोकलेली पाचर त्याने बोटाने चाचपली.

"आयनं काय सांगितलं तुला?" त्याने हळूच विचारलं.

"काकवी ग्वाड व्हती," सावळाराम म्हणाला.

मानसिंगाने पाचरीवरचा हात काढला. मग रावजीच्या हातातली सुतळी काढून घेतली आणि मोठ्याने म्हणाला, "कुणी असली गाडी बांधू नका रं. माझी बैलं चरकाची हायत. तीन महिनं गोल फिरल्यात, म्हणून डावीकडं जात्यात. सावळारामानं ती खोड ह्या गाडीनं मोडून काढली. तुमची बैलं सरळ हायत, तुमी सरळच बांधा."

गाडीवाले गुडघे झटकत उठले. मग रावजी म्हणाला, "आन् दुसरं लाकूड मानंवर घेतलं न्हाय म्हणत होतास ते?"

"ते खोटं व्हतं," मानसिंग म्हणाला. लोक हसले. त्या हसण्यात मानसिंगही हसला, जरा उशिरा.

पंचांतले एक म्हातारे गृहस्थ, आबाजी, काठी टेकत माझ्याकडे वळले. "मास्तर, मग तिसरं नाव का ऱ्हायलं? पुकारा की आता. असा हात मी अजून बघितला न्हाय."

मला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. मी तिथेच, उंचावर न चढता, भोंगा उचलला. छातीत श्वास भरला आणि सवयीने गर्दीच्या मागे, सावलीत तो कुठे उभा आहे ते शोधू लागलो. तो कुठेच दिसेना. इतक्यात पायाशी ठकठक ऐकू आली. वाकून बघितलं तर सावळाराम गाडीखाली उताणा पडलेला, हातात वाकस, आणि पाचर काढायला लागलेला.

"अरे, हे काय करतोस? तुझं नाव घेतोय."

"जरा थांबा मास्तर," तो गाडीखालूनच म्हणाला. "ही पाचर निघू द्या. गाडी सरळ झाली की घ्या."

"सरळ केलीस तर ती पुन्हा डावीकडे जाईल."

"जाऊ द्या," सावळाराम म्हणाला. "मग ती बैलांची चूक."